हरळी, मूलपेशी आणि अन्ननलिकेचा कर्करोग : दहावीचे दोन धडे एकत्र शिकवूया



दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2' या पुस्तकाची अनुक्रमणिका जरा उघडा. आठवा धडा आहे 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' आणि नववा 'सामाजिक आरोग्य'. आठव्या धड्यात मूलपेशी येतात. त्या किती गुणी, त्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी कशा तयार होतात, उद्याच्या उपचारांत त्यांचा उपयोग काय, हे आपण मोठ्या उत्साहाने सांगतो. नवव्या धड्यात व्यसनं येतात. तिथे "तंबाखू वाईट, दारू वाईट" असं सांगून आपण पुढे जातो, कारण परीक्षेत त्यावर फार काही विचारत नाहीत आणि मुलांनी ते आधी दहा वेळा ऐकलेलं असतं.

हे दोन धडे पुस्तकात शेजारी राहतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख आपण करून देत नाही. त्यांना जोडणारा एक प्रश्न मात्र आपल्या गावागावांत विचारला जातो : "गाठ काढली, केमो दिलं, शेक दिला, डॉक्टर म्हणाले सगळं साफ आहे. मग दीड वर्षात परत कशी काय आली?"

माझं मत असं आहे की या प्रश्नाचं आज उपलब्ध असलेलं उत्तर दहावीच्या मुलाला समजू शकतं, ते त्याला समजावं, आणि त्यासाठी हे दोन धडे एकत्र शिकवावेत. हे मत मी अन्ननलिकेच्या कर्करोगाचं उदाहरण घेऊन मांडतो आहे. हे उदाहरण का, ते आधी सांगतो.

आपलं खंडाळा आणि घराघरातली मिसरी

खंडाळा म्हटलं की बाहेरच्यांना लोणावळ्याजवळचा घाट आठवतो. आपलं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. शिरवळला कारखाने आले, लोणंदचा कांदा बाजार मोठा झाला, महामार्ग रुंद झाला. पण सकाळी तव्यावर तंबाखू भाजून काळी करायची, कुटून तिची पूड करायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची, ही सवय अजून अनेक घरांत आहे. मिसरी म्हणा, मशेरी म्हणा. विडी ओढणारी बाई गावात लगेच डोळ्यावर येते, मिसरी लावणारी येत नाही. कारण मिसरीला आपण व्यसन मानतच नाही, दात घासणं मानतो. "दात दुखत होता म्हणून लावली" अशी सुरुवात होते आणि पुढे मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, इथपर्यंत गोष्ट जाते.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले साधारण 27 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं, आणि त्यांतले बहुसंख्य धूरविरहित तंबाखू घेणारे होते. म्हणजे मळून खाणारे, पुडी तोंडात टाकणारे, मिसरी लावणारे. जुलै 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. मिसरीला कुठलीच बंदी लागत नाही. ती घरच्या तव्यावर तयार होते.

धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे आता मुलांना पाठ आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूच्या खात्यात तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड असे तीन अवयव लिहिलेले आहेत. तंबाखूची थुंकी सगळी बाहेर जात नाही, थोडी गिळली जाते, आणि गिळलेलं सगळं अन्ननलिकेतूनच खाली जातं. वर विडी आणि दारू यांची जोड मिळाली तर धोका नुसता वाढत नाही, कित्येक पट होतो. सुपारीलाही याच संस्थेने कर्ककारक ठरवलं आहे. आणि 65 अंश सेल्सिअसच्या वरचं अति-गरम पेय पिणं 'बहुधा कर्ककारक' असल्याचं 2016 मध्ये जाहीर केलं. चुलीवरून उतरवलेला चहा फुंकरही न मारता घशाखाली ओतणारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

हा संबंध आपल्या राज्यात फार आधी तपासला गेला होता. मुंबईत सांघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी तंबाखू ओढणं व चघळणं आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग यांवरचा निबंध 1955 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. म्हणजे माहिती येऊन सत्तर वर्षं झाली. ती मुंबईहून खंबाटकी घाटापर्यंत पोचायला एवढा वेळ लागावा, याचा थोडा विचार आपण शिक्षकांनी करायला हवा.

फूटपट्टीपेक्षा आखूड नळी

अन्ननलिका मोठ्या माणसात साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. कंपासपेटीतल्या दोन लहान पट्ट्या जोडल्या तरी त्याहून ती आखूडच. घास काही सेकंदांत तिच्यातून पोटात उतरतो, म्हणून आपण तिची दखलच घेत नाही.

या नळीचा आतला थर सतत झिजतो. भाकरीचा कडक पापुद्रा, तिखट, गरम चहा हे सगळं तिला घासून जातं. ती टिकते, कारण थराच्या तळाशी असलेल्या पेशी विभाजित होत राहतात. नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. तळाशी राहून स्वतःसारखी पेशी जपायची आणि वर जाणारी पेशीही तयार करायची, हे दुहेरी काम करणाऱ्या पेशी म्हणजे त्या जागेच्या मूलपेशी. आठव्या धड्यातली मूलपेशी ही अशी आपल्या घशाखाली, रोज कामावर असते. मुलांना हे सांगितलं की मूलपेशी प्रयोगशाळेतली किंवा जाहिरातीतली वस्तू राहत नाही.

अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः दोन प्रकारचा. एक या चपट्या पेशींच्या थरातून सुरू होणारा. तंबाखू आणि दारूशी याचा घट्ट संबंध आहे आणि भारतात हाच जास्त आढळतो. दुसरा ग्रंथींच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा, बहुधा खालच्या टोकाला होणारा, दीर्घकाळच्या आम्लपित्ताशी आणि लठ्ठपणाशी जोडलेला. पाश्चात्त्य देशांत तो अधिक दिसतो.

हा आजार घातक का? 2022 च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे 5 लाख 11 हजार लोकांना तो नव्याने झाला आणि सुमारे 4 लाख 45 हजार लोक त्याने गेले. या दोन आकड्यांतलं अंतर किती कमी आहे ते मुलांनाच मोजू द्या. याचं मोठं कारण म्हणजे तो उशिरा सापडतो. नळी लवचीक असते. ती बरीच अरुंद होईपर्यंत माणसाला फार काही जाणवत नाही. आधी भाकरी अडकते. मग माणूस भाकरी कालवणात कुस्करून खायला लागतो. मग भातावर येतो, मग पेजेवर, आणि पाणीसुद्धा उतरेना झालं की दवाखाना आठवतो. मधल्या काळात घरचे म्हणतात, "वय झालं, दात गेले, म्हणून भाकरी चावत नाही." दात नसणं वेगळं आणि घास अडकणं वेगळं, हा फरक घरातल्या एकाने जरी ओळखला तरी काही महिने वाचू शकतात.

हरळीच्या काशा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उपचारानंतर गाठ परत का येते?

नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांना शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देण्यात आलं. चपट्या पेशींच्या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत, नंतर काढलेल्या अन्ननलिकेच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली एकही जिवंत कर्कपेशी दिसली नाही. हा मोठा विजय आहे, आणि आज ही पद्धत जगभर वापरली जाते. पण तुकडा साफ दिसलेल्यांपैकीही काहींना आजार पुन्हा झाला. न दिसणारं काहीतरी कुठेतरी उरलं होतं.

शेतकऱ्याच्या पोराला हे समजावायला हरळीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. हरळी वरून कापली की रान दोन दिवस स्वच्छ दिसतं. पण मातीखाली तिच्या काशा असतात. एखादा पाऊस पडला की त्याच काशांतून पुन्हा हिरवंगार होतं. म्हणून नांगरट झाल्यावर बाया वाकून वाकून काशा वेचतात. वरचं पातं आणि खालची काशी एकाच हरळीची, पण पुन्हा उगवायची ताकद दोघांची सारखी नसते.

कर्करोगाच्या गाठीबद्दल शास्त्रज्ञांना असाच संशय आला. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसाव्यात. बहुतेक पेशी वाढतात आणि मरतात. थोड्या मात्र मूलपेशींसारख्या वागत असाव्यात : स्वतःला टिकवायचं, गाठीतल्या इतर तऱ्हेच्या पेशीही तयार करायच्या, आणि गरज पडली तर शांत बसून राहायचं. केमोथेरपीची अनेक औषधं भराभर विभाजित होणाऱ्या पेशींना जास्त मारतात. जी पेशी गप्प बसली ती औषधातून निसटते. शिवाय अशा पेशींकडे औषध बाहेर फेकणारे पंपही जास्त असल्याचं दिसतं. विहिरीत पाणी शिरलं की मोटर लावून उपसतात, तसंच हे.

या संशयाला पुरावा मिळाला तो 1994 मध्ये, टोरांटोतल्या जॉन डिक यांच्या गटाकडून. रक्ताच्या एका कर्करोगातल्या ठरावीक पेशीच उंदरात रोग उभा करू शकतात, असं त्यांनी दाखवलं. 2003 मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या गटाने स्तनाच्या कर्करोगात हेच दाखवलं. विशिष्ट खुणांच्या अवघ्या शंभर पेशींनी उंदरात गाठ तयार झाली, आणि इतर पेशी हजारोंनी टोचल्या तरी झाली नाही.

आणि 2005 मध्ये हे काम पुण्यात झालं, आपल्यापासून दीड-दोन तासांवर. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून पेशी घेतल्या, एकेक पेशी वेगळी वाढवली, आणि त्यांतून गाठ निर्माण करू शकणारा मूलपेशींसारखा वंश शोधून काढला. अंडाशयाच्या कर्करोगातल्या मूलपेशींवरच्या सुरुवातीच्या कामांमध्ये जगभर त्याचा उल्लेख होतो. पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र आपल्याकडे रुजवलं तेही पुण्यात जन्मलेल्या एका बाईंनी. डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच तालुक्यात आहे. वर्गातल्या मुलींना ही दोन नावं सांगायला आपल्याला वेगळं कारण लागू नये.

मेंढरावरची खूण

अन्ननलिकेच्या गाठीत या मूठभर पेशी ओळखायच्या कशा? सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या दिसत नाहीत. त्यासाठी मार्कर शोधले जातात, म्हणजे पेशीवरच्या किंवा पेशीतल्या खुणा. दोन मेंढपाळांचे कळप एकत्र आले तर आपली मेंढरं कशी ओळखतात? पाठीवर रंगाची खूण असते. पेशीच्या बाबतीत ही खूण म्हणजे एखादं प्रथिन. त्या प्रथिनाला चिकटणारा चमकणारा रंग लावायचा आणि रंगीत पेशी वेगळ्या काढायच्या.

अन्ननलिकेच्या चपट्या पेशींच्या कर्करोगात अशा बऱ्याच खुणा अभ्यासल्या गेल्या आहेत. सीडी44 हे पेशीला भोवतालच्या जाळ्याशी जोडून ठेवणारं प्रथिन. सीडी90 ही दुसरी खूण. ती असलेल्या पेशी गाठ तयार करण्यात आणि पसरण्यात जास्त आक्रमक असल्याचं हाँगकाँगच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं. एएलडीएच1 हे विकर पेशीतली विषारी अल्डिहाइड निकामी करतं, त्यामुळे काही औषधांपासूनही पेशीचा बचाव होऊ शकतो. एबीसीजी2 हा वर सांगितलेल्या पंपांपैकी एक. पी75 हे मुळात चेतापेशींच्या अभ्यासातून ओळखीचं झालेलं प्रथिन, जे निरोगी अन्ननलिकेच्या तळच्या थरातही सापडतं. आणि सॉक्स2. गर्भात अन्ननलिका घडताना हे जनुक लागतं. 2006 मध्ये जपानच्या यामानाका यांनी साध्या पेशीला पुन्हा मूलपेशीसारखं बनवलं, तेव्हा वापरलेल्या चार घटकांत सॉक्स2 होता. 2009 मध्ये अन्ननलिकेच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांत याच जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. गर्भात अवयव घडवणारं यंत्रच इथे भलत्या कामाला लागलेलं दिसतं.

मुलांना ही नावं पाठ करायला लावू नका. नाव विसरलं तरी चालेल. खूण म्हणजे काय आणि तिच्यावर भरवसा किती ठेवायचा, हे कळलं पाहिजे. यातली एकही खूण फक्त कर्करोगाच्या मूलपेशींचीच नाही. सीडी44 निरोगी पेशींवरही असतं. दोन मेंढपाळांनी एकच रंग वापरला तर काय होईल, तसा हा घोळ आहे.

यासाठी वर्गात एक खेळ घेता येतो. चाळीस मुलं आहेत असं समजा. चौघांच्या हातात गुपचूप 'मूल' लिहिलेली चिठ्ठी द्या. मग बारा जणांना लाल टिकली लावा, त्यांत चिठ्ठीवाले तीनच घ्या. आता चिठ्ठीवाला शोधायचा असेल तर आधी दहात एक मिळत होता, टिकलीवाल्यांत चारात एक मिळतो. शोध सोपा झाला, पण एक चिठ्ठीवाला टिकलीबाहेर राहिला. मग निळी टिकलीही वाटा. लाल आणि निळी अशा दोन्ही टिकल्या असलेली चारच मुलं ठेवा, त्यांत चिठ्ठीवाले दोन. आता निम्मे बरोबर, पण दोघे निसटले. खूण कडक केली की चुकीचे कमी सापडतात आणि खरेही हातचे जातात. मार्करवरचा सगळा वाद या टिकल्यांत आहे. शिवाय टक्केवारीचा सरावही होतो, तो वेगळा.

'सदृश' हा शब्द गाळू नका

शास्त्रज्ञ 'मूलपेशीसदृश' असं जपून म्हणतात. त्यामागे कारण आहे. 2008 मध्ये मिशिगनच्याच दुसऱ्या एका गटाने त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात, जास्त दुबळी प्रतिकारशक्ती असलेले उंदीर वापरून दाखवलं की साधारण चारातली एक पेशी गाठ तयार करू शकते. म्हणजे तिथे या पेशी मूठभर नव्हत्याच. प्रयोगाची पद्धत बदलली तसं उत्तर बदललं. दुसरं असं की साधी कर्कपेशीसुद्धा परिस्थिती आली तर मूलपेशीसारखी वागायला लागू शकते.

हरळी इथेही कामाला येते. जमिनीवर पसरलेली तिची कांडी ओल्या मातीत दबली की पेऱ्याला मुळं फुटतात. काल जे वरचं होतं ते आज खालचं झालं. म्हणून नुसत्या काशा वेचून शेत कायमचं साफ होत नाही, आणि नुसत्या मूलपेशीसदृश पेशी मारल्या म्हणून गाठ संपेल याचीही खात्री देता येत नाही.

मुलांना असं अर्धवट सुटलेलं विज्ञान दाखवायला आपण घाबरतो. "नक्की उत्तर काय ते सांगा सर," असं ती म्हणणार. पण उत्तर कसं बदललं आणि का बदललं, हे कळलेलं मूल मोबाइलवरच्या दाव्यांना सहज फसत नाही, असा माझा विश्वास आहे.

पालकांनी यातून काय घ्यायचं

पहिलं. हे मार्कर अजून मुख्यतः संशोधनाच्या टेबलावर आहेत. रक्त देऊन 'कर्करोगाच्या मूलपेशी' तपासून घेण्याची आणि त्यावरून अन्ननलिकेच्या कर्करोगाचं निदान करण्याची रीत आज रुग्णालयात नाही. निदान होतं ते घशातून दुर्बीण टाकून आणि तुकडा तपासून.

दुसरं. 'मूलपेशी' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापून उपचार विकणाऱ्यांपासून दूर राहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं मूलपेशी-प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी मूलपेशी उपचार मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर देता येत नाहीत. घाबरलेल्या घराला हे माहीत नसतं. दहावीतल्या पोराला माहीत असू शकतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उपचार अर्धवट सोडू नका. दोन-तीन वेळा केमो झालं, घास उतरायला लागला, की घरात बोलणं सुरू होतं : "आता बरं वाटतंय, कशाला उगाच शरीराला त्रास? गाडीभाडं, कामाचा खाडा..." घास उतरणं म्हणजे वरची हरळी कापली गेली. खालचं काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही. ठरलेले सगळे टप्पे आणि नंतरच्या तपासण्या त्या न दिसणाऱ्या भागासाठी असतात. खर्चाची अडचण खरी असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या बऱ्याच उपचारांचा समावेश आहे. मध्येच थांबण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

चौथं. घास अडकणं दोन-तीन आठवडे टिकलं, वजन उतरायला लागलं, आवाज बसला, जेवताना वारंवार ठसका लागू लागला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. प्रत्येक वेळी तो कर्करोगच असेल असं मुळीच नाही. पण ते ठरवायचं काम दुर्बिणीचं आहे, शेजाऱ्यांचं नाही.

"हे आपलं काम आहे का?"

काही सहकारी म्हणतील, हे आरोग्य खात्याचं काम. आधीच ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणूक ड्युटी, त्यात हे कुठे? तक्रार रास्त आहे. पण मी नवीन धडा मागत नाही. दोन धडे आहेतच. त्यांच्या तासिका एकमेकींना लागून घ्यायच्या, एवढंच. आणि आजारपण हा शिक्षकाचा विषय नाही असं नायगावच्या तालुक्यात तरी आपण म्हणू नये. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि त्यातच त्या गेल्या.

दुसरी शंका : मुलं घाबरतील. सडलेल्या जबड्यांची चित्रं दाखवून आपण त्यांना आधीच घाबरवतो, आणि ती पुढच्या पानावर जाऊन विसरतात. पेशी कशी वागते हे सांगितलं तर भीतीच्या जागी कुतूहल येतं.

तिसरी शंका मला सगळ्यात खरी वाटते. वर्गात एखाद्या मुलाच्या घरी हा आजार चालू असतो. त्याच्यासमोर "तंबाखूमुळे होतो" असं सरसकट म्हटलं की ते मूल आपल्या आजीला किंवा वडिलांना गुन्हेगार समजायला लागतं. म्हणून भाषा जपा. तंबाखू धोका वाढवतो, पण तंबाखूला कधीही न शिवलेल्यांनाही हा आजार होतो, हे त्याच वाक्यात सांगा. मुलांना आजीवर पहारा करायला बसवू नका. आजीने मिसरी चाळीस वर्षं लावली, कारण तिला कुणी सांगितलंच नाही. तिच्यापुढे नातवाने पेशींची गोष्ट मांडावी, हिशेब मांडू नये.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. त्या अंतरात टपरी असेल तर पोरांना उपदेश करण्याआधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने ग्रामपंचायतीशी बोलावं. ते काम मोठ्यांचं आहे.

सांगण्याने फरक पडतो

"नुसतं सांगून काय होतं?" असं कुणी म्हटलं तर त्यांना सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचं उदाहरण द्या. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरताना लोकांना कर्करोगाची लक्षणं समजावून सांगत आणि तपासणीला यायला सांगत. पुढच्या काही वर्षांत त्या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचं डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलं. तिथे नवं यंत्र आलं नव्हतं की नवं औषध. माणसं जाऊन बोलली होती.

अन्ननलिकेच्या गाठीतल्या त्या मूठभर पेशी ओळखून नेमक्या मारणारं औषध कधी ना कधी येईल. ते पुण्यात, हाँगकाँगमध्ये किंवा टोरांटोत शोधलं जाईल. तोवर खंडाळ्यातल्या वर्गात करण्यासारखं काम आपल्या हातात आहे. या वर्षी आठवा आणि नववा धडा लागोपाठ घ्या. पहिल्या तासिकेत 25 सेंटिमीटरची नळी आणि तिचा तळचा थर फळ्यावर काढा. दुसऱ्या तासिकेत बांधावरची हरळी काशीसकट उपटून आणायला सांगा आणि टिकल्यांचा खेळ घ्या. तिसऱ्या तासिकेत मुलांना एकच गृहपाठ द्या : घरी जाऊन मोठ्यांना विचारायचं, "घास गिळताना कधी अडकतो का?"

उत्तर वहीत लिहायची गरज नाही. विचारलं गेलं पाहिजे.